आईच्या हातांचा थरकाप कोणी थांबवला

“सरहद्द ओलांडल्यावर काकूंनी भीतीचा धसका घेतला आणि वऱ्हाडातल्या डॉक्टरांच्या एका इंजेक्शनाने त्या बऱ्या झाल्या. काकांनी मात्र दुधाच्या लोभापायी भांडीकुंडी टाकून म्हैस ओढत नेली.” माझे चुलतभाऊ भगवानराव माझ्या आईवडिलांची ही कथा प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. आपल्या गावी, हसनाबादेत मागे राहिलेल्यांनो आणि आमच्यासोबत निघालेल्यांनो, ही कथा ऐकीव आहे. भगवानराव तेव्हा हैदराबादेत शिकत होते. गाडी मी हाकत होतो.

निजामी राजवटीच्या अखेरच्या उन्हाळ्यात, गावावर निजामाच्या माणसांची धाड येणार या धास्तीने आम्ही भरदुपारी निघालो. म्हैस गाडीमागे बांधली होती. लोभ कसला? आईखेरीज ती कोणाला कासेला हात लावू देत नसे. मागे ठेवली असती तर कास सुजून मेली असती.

सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात मामाच्या गोठ्यालगतच्या खोलीत उतरलो. कडी वाजली तरी आई दचके. हात इतके कापत की भाकरी थापता येईना. म्हैसही परक्या गोठ्यात बिथरून पान्हा चोरू लागली. कास दगडासारखी झाली.

वडील म्हणाले, “तुह्याबिगर कुणाला जवळ येऊ देईना ती. ऊठ.”

“माह्या हातानं न्हाई व्हायचं.”

“नको काढू धार. नुस्ती बस तिच्यापाशी.”

आई बसली, तोच म्हशीने लाथेने चरवी उडवली.

“लाथ मारतीस व्हय गं? तूबी निजामाचीच का?” आई म्हणाली आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा हसली. मग म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून ती पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हैस रवंथ करू लागली, तसा आईचा श्वास संथ होत गेला. कापऱ्या हाताला जनावर पान्हा सोडत नाही, त्याला फसवता येत नाही. बऱ्याच वेळाने चरवीत धार वाजली.

आज नागपुरात माझा नातू ऑफिसच्या ताणावर उपाय म्हणून फ्लॅटमध्ये मांजर पाळतो आणि त्याला थेरपी म्हणतो. म्हणू दे. मला घर विचाराल तर, गाव सुटल्यावर आई जिथे पुन्हा हसली तो मामाचा गोठा मी दाखवीन.

इंजेक्शन दिले गेले, हे मी नाकारत नाही. परंतु डॉक्टर त्या पहिल्या धारेनंतरच्या आठवड्यात आले, आणि सुई टोचण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडे जो चहा घेतला, त्यातले दूध त्या सकाळी आईने काढलेले होते.