डाव्या हाताच्या विळ्यासाठी शिनोलीपर्यंत

माझा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरनं हात उचलायला बंदी घातली. घरात लगेच ठरलं, की सोमवारी दोन्ही म्हशी, एक दुभती आणि एक भाकड, बेल्ह्याच्या बाजाराला विकायला न्यायच्या. मला कोणी विचारलं नाही. मी लेकाला म्हटलं, "गवत मी डाव्या हातानं कापते." तो हसला. गोठ्यामागं जाऊन कापून बघितलं, तर खरंच हसण्यासारखं झालं. विळा गवतावरून नुसता घसरत होता.

उलटापालटा करून बघितला तेव्हा कळलं. जन्मभर विळा वापरला आणि कधी बघितलंच नव्हतं, की त्याचे दात एकाच अंगानं पाडलेले असतात. उजव्या हातात ते अंग वर येतं, डाव्यात खाली जातं. म्हणजे मला उलट्या अंगाचा विळा पाहिजे होता. शनिवारी सकाळी तोच नमुन्याला पिशवीत घातला, वर दोन भाकरी आणि ठेचा, आणि पिंपळवंडीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले.

नारायणगावपर्यंत जीप मिळते. बसायला अर्धी मांडी जागा, आणि त्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू फुकट. टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता तुंबला असेल तर आधीच उतरा आणि चालत सुटा, जीपच्या आधी पोचाल.

रस्त्याकडेला घिसाडी भाता चालवत बसला होता. त्यानं नमुना बघितला आणि मान हलवली. "दात पाडायचं काम बाप करायचा, आजी. आता पाती तयार येत्यात. मी निस्ती मूठ बसवतो."

"मग भाता कशाला फुंकतोस?"

"च्या ठेवायला," म्हणाला. माणूस खरं बोलला.

तिथून भांड्यांच्या शेठकडं. हे मारवाडी, पण मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. लोक जुनं लोखंड-पितळ मोडीत घालतात, त्याचा ढीग त्यांच्या मागच्या खोलीत असतो. विचारलंत तर बघू देतात. मी तासभर उपसला. अडकित्ते निघाले, चुन्याच्या डब्या निघाल्या. विळे निघाले ते सगळे उजवे. शेठ म्हणाले, "आजी, शिनोलीला एक घर पाडून बंगला बांधतायत. जुनं सामान आजच काढणार. पण लवकर जा, हायवेचा एक हॉटेलवाला पण येणार आहे. तो भिंतीवर टांगायला नेतो."

"विळे? भिंतीवर?"

"आणि नांगर दारात."

मंचरला एसटी बदलायची. स्टँडवरची भजी खाऊ नका, तेल कालचं असतं. भाकरी तिथंच सोडून खाल्ली. घोडेगावच्या पुढं डोंगर जवळ आले, भाताची खाचरं लागली आणि हवा गार झाली. आमच्याकडं ऊस, टोमॅटो. इकडचे बांध बघूनच समजलं, की इथं गवत कापायची तऱ्हा वेगळी असणार.

घर सापडायला वेळ लागला नाही, दारात टेम्पो होता. हॉटेलवाल्यानं सगळं सामान एकगठ्ठा घेऊन आत भरलंही होतं. मी न विचारता टेम्पोत वाकले आणि एकेक विळा डाव्या हातात घेऊन बघायला लागले. सातवा विळा हातात बसला. भिंतीकडेचं गवत धरून ओढलं, तर कचकन तुटलं.

घराची मालकीण भागूबाई ओट्यावरून बघत होती. "त्यो आमच्या सासूचा," म्हणाली.

"डावऱ्या व्हत्या का?"

"छ्या! उजवीच. पण बांधाचा उतार एकाच अंगाला असतो न्हवं? जाताना उजव्या हातानं कापायचं. टोकाला गेलं की इळा बदलायचा, येताना डाव्या हातानं. आमी रिकाम्या हातानं माघारी आलो तर म्हणायची, देवाला गेली व्हतीस का गं?"

"हाताला सवय किती दिसात झाली?"

"लागला की एक पावसाळा."

माझ्याकडं सोमवारपर्यंतचा वेळ होता.

हॉटेलवाला म्हणाला, "आजी, तो घेतलाय मी."

"तुला भिंतीवर डावा-उजवा काय कळतोय? हा माझा घे बदल्यात."

त्यानं माझा विळा उन्हात धरला. "ह्याला गंजच नाही!"

"पाण्यात टाक आठ दिवस. पाहिजे तेवढा चढंल."

भागूबाई तोंडाला पदर लावून हसली. तो लाजला का वैतागला माहीत नाही, पण अदलाबदल झाली. तिनं मला चहा पाजला, आणि विळा मनगटातून कसा ओढायचा ते अंगणात दाखवलं.

रविवारी उजाडल्यापासून कापत बसले. दोनदा गवताऐवजी पदर कापला. जेवणवेळेपर्यंत एक ओझं झालं, दुसरं काही केल्या होईना. लेक बांधावर येऊन उभा राहिला. एका ओझ्यात दोन म्हशी भागत नाहीत, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

"मग?" म्हणाला.

"भाकड ने. दुभतीच्या दोराला हात लावशील तर बघ."

सोमवारी भाकड गेली. मला वाईट वाटलं का, असं नात विचारते. गोठ्यात जागा झाली, एवढं वाटलं. दुभती अजून माझ्या डाव्या हातावर खाते. परवा लेकानं विचारलं, "खांदा सुटला की काय करशील?"

म्हटलं, "जाताना उजव्यानं, येताना डाव्यानं. तू दुसरी म्हस बघून ठेव."