आकारामअण्णांची शिस्त

विश्रामबागेतल्या आकारामअण्णांच्या दुकानात आता कॅमेरे कमी आणि मिक्सर जास्त येतात. तरी पाटीवर 'कॅमेरा दुरुस्ती' एवढंच लिहिलंय आणि ती बदलायला अण्णांचं मन धजत नाही. फौजेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं दुर्बिणी जुळवलेला माणूस तो! पण गेल्या दिवाळीपासून उजवा हात थरथरायला लागला आणि साताऱ्याच्या मुलानं, जयराजनं, फोनवर टुमणं लावलं, "अण्णा, दुकान बंद करा, हिकडं या."

अशात कॉलेजातल्या क्रांती मॅडम त्यांचा जुना रोलचा कॅमेरा घेऊन आल्या. त्याच्या बुडाला मोटर होती, फोटो काढला की रोल आपोआप पुढं सरकवणारी. ती बंद पडली होती. असली मोटर अण्णा पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, ही फिरली तर दुकान चालू, नाहीतर सातारा.

मंगळवारी त्यांनी मोटर उघडली. जुने सेल पाझरून पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी तो खरवडला, पट्ट्या लख्ख केल्या, नवे आठ सेल घातले. मग फौजेतल्या शिस्तीप्रमाणं मोटरीच्या पाठीवरची आकड्यांची चकती शून्यावर आणली. काम झालं की प्रत्येक काटा शून्यावर, हा त्यांचा नेम, आणि तो न पाळणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. बटण दाबलं. तांबडा दिवा लागला, पण मोटर ढिम्म.

बुधवारी वायर बदलली, चकती शून्यावर, मोटर ढिम्म. गुरुवारी मोटर बाहेर काढून थेट सेलला जोडली, तर भिंगरीसारखी फिरली! परत बसवली, चकती शून्यावर केली आणि तिनं पुन्हा मौन धरलं. अण्णा एवढे चिडले, की मिक्सर घ्यायला आलेल्या बिचाऱ्या गिऱ्हाइकालाच त्यांनी फैलावर घेतलं.

शनिवारी त्यांनी मोटरीला हातच लावला नाही. डबा घेऊन आलेल्या बायकोला, विजयमालाकाकूंना, म्हणाले, "जयराजला सांग, येतो म्हणून. ह्या हातात आता काय राह्यलं न्हाई."

रडत बसणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कॅमेरा उचलून चष्म्यापुढं धरला.

"ह्यो काटा शून्यावर का ठिवलाय?"

"शिस्त हाय ती."

"आवं, आपलं कपडे धुयाचं मशीन तरी शून्यावर फिरतंय व्हय? टायमर पुढं न्यावाच लागतोय की!"

अण्णा हसले. बायकोची समजूत घालायची म्हणून त्यांनी चकती छत्तीसवर नेली आणि बटण दाबलं. खटॅक-सर्र! खटॅक-सर्र! चकती पस्तीसवर, मग चौतीसवर. रोलमधले उरलेले फोटो मोजत होती ती. शून्य आलं की रोल फाटू नये म्हणून मोटर आपणहून थांबायची.

अण्णा स्टुलावर बसले.

"म्हंजे मंगळवारीच झाली हुती गं ही," ते म्हणाले. "ह्याच हातानं केली. आन् रोज मीच बंद पाडत हुतो."

"लय शाणी तुमची शिस्त. जेवा आता."

पण अण्णांनी आधी जयराजला फोन लावला. "न्हाई रं येत!" ते ओरडले, आणि पोराला नीट ऐकू जावं म्हणून कॅमेरा फोनला चिकटवून बटण दाबूनच धरलं.