दवातलं पान
भर दुपारी मी वाळलेली तंबाखू उचलायला लावली आणि अर्ध्या शेताचा भुगा केला. आजही वाऱ्यावर तंबाखूचा उग्र वास आला, की शिंकेच्या आधी मला ती दुपार आठवते. बेळगावात मॅट्रिक होऊन मी निपाणीच्या एका वखारीत उमेदवारीला लागलो होतो. तंबाखूचा पारखी व्हायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मालक म्हणाले, "एवढ्या शेताचा माल नीट आण, मग बघू." मी नवी काळी टोपी चढवून निघालो. कापून रानातच पसरलेली तंबाखू उन्हानं तांबूस झाली होती. मजूर बायकांतली म्हातारी आक्का म्हणाली, "आप्पा, ऊन लई हाय. पहाटे दवानं पान मऊ हुतंय, तवा उचलू." मी म्हणालो, "मला शिकवू नका, उचला." बायकांनी हात घातला आणि पानं पापडासारखी तडकून मातीत मिसळली. निम्म्यावर मी काम थांबवलं; उरलेलं अर्धं शेत गेलं असतं तर वखारीतली माझी उमेदवारीही गेली असती. दुसऱ्या पहाटे टोपी काखेत मारून मी तिच्यापुढं उभा राहिलो, "आक्का, शिकवा." तिच्या शेजारी वाकून दिवस उगवेपर्यंत पानं उचलली, एकही मोडलं नाही. पुढं मी पारखी झालो, म्हाताराही झालो. तरी कुणी वाहवा केली, की तिनं त्या पहाटे वर न बघता सुनावलेलं ऐकू येतं, "आत्ता दवात मऊ झालाईस खरं, ऊन चढलं की परत कडक हुशील. पानागतच हाय रं तुझं!"