न जुळलेलं आडनाव

अलाबामातल्या कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रं संगणकावर तपासायचं काम निएवेस चौदा वर्षं करत होती. त्या सोमवारी देल्फिनाच्या नावापुढे ‘सरकारी नोंदीशी जुळत नाही’ असं आलं.

देल्फिना म्हणजे रोहेलिओची बायको. निएवेसशी जवळजवळ ठरलेलं लग्न मोडून त्याने हिच्याशी केलं होतं. दहा दिवसांत दाद मागितली नाही तर देल्फिनाची नोकरी जाणार होती. तसं कळवणारं पत्र निएवेसने तिला न देता खणात ठेवलं.

नवव्या दिवशी देल्फिना मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेसचा डबा घेऊन हसत आली. “तुझ्यासाठी आणलेत गं. तुझे कोरडे होतात, रोहेलिओ सांगत होता.”

निएवेसच्या अंगाचा तिळपापड झाला. खणातलं पत्र काढून तिने टेबलावर आपटलं. “लग्नानंतर सरकारी कार्डावरचं आडनाव बदललंस का?”

“राहिलंच बाई. बारा वर्षं झाली. कोण जातंय त्या रांगेत?”

“मी दुसऱ्याच दिवशी गेले असते!” निएवेस बोलून गेली.

देल्फिनाने डबा बाजूला ठेवून पत्र हातात घेतलं. निएवेसने पर्स उचलली. “चल, ते कार्डाचं ऑफिस चारला बंद होतं. त्याचं आडनाव लावतेस, तर नीट तरी लाव.”