आजीला मारलं तर किती पॉइंट?

हसणार नसाल तरच सांगते. नाहीतर राहू द्या. आमच्या स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहात, आधीच भरपूर लोक हसून झालेत.

तर मला सांगा, रात्री ताटावर बसलेली तुमची सात वर्षांची पोरगी, तोंडात वरणभाताचा घास, समोरच्या आजीकडे टक लावून बघत विचारते, "मम्मी, आजीले मारलं तर किती पॉइंट..." तर तुम्हाला झोप लागेल?

मला नाही लागली. मी तिथल्या तिथे ओरडले, "मनू! चूप! एक शब्द बोलायचा नाही!"

"पण मम्मी, आईक तर..."

"जेव म्हटलं ना!"

ती जेवली. माझ्या सासूबाईंना जरा कमीच ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "काय म्हणून राहिली वं नात?"

मी म्हटलं, "तूप मागून राहिली."

आणि त्या माउलीने आपल्या ताटातलं तूप बोटाने निपटून तिच्या भातावर घातलं. बघा! जिच्या मरणाचा भाव विचारला जातोय, ती तूप वाढतेय!

या सगळ्याचं मूळ माझा सख्खा भाऊ. लोकांचे मामा नागपूरहून संत्राबर्फी आणतात. आमच्या मनूच्या मामाने व्हिडिओ गेम आणला. टीव्हीला वायर जोडायची आणि हातात प्लास्टिकची बंदूक धरायची. पडद्यावर खिडक्या-खिडक्यांतून माणसं डोकावतात, त्यांना टिपायचं. झालं! दुपारी शाळेतून आली की पोरगी बंदूक घेऊन टीव्हीपुढे. आई, पाणी, पाढे, काही नाही. नुसतं ठो ठो ठो.

हे रोलिंग मिलमधून दुपारची बी शिफ्ट करून रात्री उशिरा आले, तेव्हा मी उठूनच बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "अवं, आम्ही बी चोर-शिपाई खेळलोच ना? कोन चोर झालं? कोन शिपाई बी नाही झालं. सारेच्या सारे कारकून झाले." आणि कूस बदलून घोरायला लागले.

पुरुषांचं हे असं असतं. त्यांना पोरांची काळजी वाटते, पण ती झोप झाल्यावर.

शनिवारी आमच्या बायकांच्या मंडळात मी विषय काढलाच. मी बी.ए., मानसशास्त्र घेऊन. मला बोलता येतं, हा माझा समज. आणि त्या दिवशी तर मी पेटलेच होते. म्हटलं, पडद्यावर माणूस मारायची सवय लागलेलं मूल उद्या खऱ्या माणसाला माणूस समजेल का? मार्केटमध्ये पोरं पैसे टाकून तासन् तास हेच खेळतात, कोणी बघतं का? सिनेमाला सेन्सॉर आहे, याला काय आहे? टाळ्या पडल्या. आजीचं मी कोणाला बोलले नाही. घरची गोष्ट!

मागून एक जण म्हणाली, "मग रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांच्या मालिकेत बाणांनी मुंडकी उडतात, त्याचं काय?"

अध्यक्ष देशकर काकू म्हणाल्या, "ते धार्मिक आहे."

"पण मुंडकं ते मुंडकंच ना, काकू?"

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली हायेस. तुह्या घरी यंत्र बी हाय. तूच खेळून पाह्य आन् आमाले सांग, बंदी घालाची का नाही. न पाहता कसं बोलाव?"

म्हणजे मी एकटीच सेन्सॉर बोर्ड! खरं सांगू? छाती जरा फुगलीच. पण रस्त्याने येताना एक प्रश्न मनात आला. सेन्सॉरवाले तर सगळंच बघतात. जे आपल्याला दाखवत नाहीत, तेसुद्धा. मग ते कसे बिघडत नाहीत? मी मनाशी उत्तर दिलं, ते शिकलेले असतात.

इथेच माझा घात झाला.

सोमवारी सकाळी मनू शाळेत, हे बाजारात. सासूबाई न्हाऊन, पोथी वाचून दिवाणावर आडव्या झाल्या होत्या, माशा नकोत म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून. मी गेम लावला आणि आधी टीव्हीचा आवाज पार बंद केला.

का? तर शेजारचे साहूजी नाइट शिफ्ट करून येऊन झोपले होते. आमच्या टाउनशिपमध्ये कायदे पुष्कळ असतील, पण पाळला जातो तो एकच. ज्याच्या खिडकीला दिवसा चादर लागलेली, तो नाइटवाला. त्याच्या आजूबाजूला भांडण करायचं तेही कुजबुजत. आणि क्वार्टरच्या भिंती कशा? त्यांच्याकडे जिऱ्याची फोडणी पडली की शिंक आमच्याकडे येते! तेव्हा आवाज बंद. वर उन्हाळा म्हणून कूलर सुरू. आमचा कूलर चालतो तेव्हा कानाशी मालगाडी जातेय असं वाटतं.

पहिल्या खिडकीत चोर आला. काळा मुखवटा. देवाचं नाव घेतलं आणि मारला. दुसरा आला, मारला. तिसऱ्या खिडकीत आली एक म्हातारी. पांढरा अंबाडा, हातात पिशवी.

माझी बंदूक खालीच आली. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. हेच ते! हेच माझी मनू बघते! आणि तेवढ्यात बाजूच्या खिडकीतल्या चोराने मला उडवलं. खेळ खलास.

पुन्हा लावला. पुन्हा म्हातारी, पुन्हा मी गेले. तिसऱ्यांदा मी विचार केला (मानसशास्त्र!), ही दर वेळी नेमकी चोरांच्या मधोमध कशी येते? पिशवीत काय आहे हिच्या? ही साधी बाई नाही. हीच यांची म्होरकी!

आणि मी तिला मारलं.

कोपऱ्यातला आकडा एकदम कमी झाला. मला वाटलं, अजून किती चोर उरलेत त्याचाच हा आकडा. वा! काम आटोपत आलं! मग काय, चोरांकडे बघते कोण? म्हातारी दिसली की ठो! पदर खोचला, अंबाडा सुटला, घाम निथळतोय, आणि त्या कूलरच्या गडगडाटात माझी मलाच शुद्ध नाही की मी गळा काढून ओरडतेय. "ये म्हातारे! तुह्यासाठीच बसली मी! मर! अजून नाही मेली? घे! थांब, आज तुले सोडत नाही!"

लक्षात येतंय ना तुमच्या? टीव्ही मुका. बंदूक मुकी. क्वार्टरांची सगळी ओळ चिडीचूप. आणि भिंतीपलीकडे साहूजींच्या उशाशी जातंय ते फक्त सुनेचं बोलणं!

दार धाडकन उघडलं. पुढे साहू भाभी, हातात लाटणं. मागे साहूजी. अंगात बनियन, खाली लुंगी आणि डोक्यावर प्लांटचं हेल्मेट! धोका म्हटला की आधी हेल्मेट, मग बाकीचं, ही शिकवण त्यांच्या झोपेतही मुरलेली. त्यांच्या मागे देशकर काकू. त्या बिचाऱ्या माझा अहवाल घ्यायला येत होत्या.

"दीदी!" भाभी किंचाळल्या. "छोड़ दो अम्माजी को!"

मी वळले. वळले ती बंदुकीसकट. तिघांनी एकदम हात वर केले.

साहूजी हळूच म्हणाले, "दीदी, पहले वो नीचे रखिए. गुस्सा सबको आता है. हमारी भी माँ है."

मग त्यांची नजर दिवाणावर गेली. पांढरी चादर. डोक्यापासून पायापर्यंत. हालचाल नाही.

भाभींच्या हातातलं लाटणं पडलं. काकू मटकन खाली बसल्या. "अवं माय! इतकी शिकलेली सून आन्..."

तेवढ्यात चादर उठून बसली.

"चहा मांडला का वं?" सासूबाईंनी विचारलं. मग एवढी माणसं बघून पदर सावरला. "अन् हे साहूजी टोपी घालून काऊन आले? कुठी आग लागली का?"

मी सांगायला लागले. गेम, सेन्सॉर, म्होरकी, पिशवी. जितकं सांगत होते तितकी साहू भाभी सासूबाईंच्या जवळ सरकत होती. शेवटी तिने त्यांचा हातच धरला.

आणि दारात शाळा सुटून आलेली मनू, दप्तर घेऊन उभी. दुपार कधी झाली, मला कळलंच नव्हतं. तिने हेल्मेट बघितलं, लाटणं बघितलं, माझ्या हातातली बंदूक बघितली. मग टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा बघितला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"मम्मी, तू आजीले मारलं?"

मी बंदूक पदराआड लपवली.

"ती... ती चोरांची म्होरकी आहे ना, बेटा?"

"म्होरकी?" मनूने कपाळावर हात मारला. "ती बाजार करून घरी चालली, मम्मी! तिले नाही मारायचं! तिले मारलं का सारे पॉइंट कटते! त्या दिवशी तेच तं सांगून राहिली होती मी, आजीले मारलं तर किती पॉइंट कटते माहीत आहे का म्हणून. तू तं बोलूच नाही देत! मी एकदा बी नाही मारलं तिले. चोर सुटला तरी नाही मारलं. आन् तू..." तिने पुन्हा आकडा बघितला. "तू तं कितीदा मारलं!"

देशकर काकू माझ्याकडे बघत होत्या. अहवाल त्यांना मिळाला होता.

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. बी.ए. आहे मी. पण मनूने माझ्या हातातून बंदूक काढून घेतली, कपाटावर माझा हात पोचत नाही अशा जागी ठेवायला साहूजींकडे दिली, आणि सासूबाईंच्या शेजारी दिवाणावर चढून बसली.

"आजी," त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आजपासून तू माह्याजवळ झोपत जा. मम्मीचा काही भरोसा नाही."