गोठ्याच्या भिंतीचं पोट

"भिंत पाडा. घरही पाडा. विटांचं नवं बांधू," एवढं बोलून ओव्हरसियरसाहेब मोटारीत बसले.

वडगाव रासाईला आप्पांच्या वस्तीवर मागे मी आणि आप्पा राहिलो. भीमेकाठचं दगडी घर, त्याला चिकटून गोठा, पलीकडे कडब्याची खोली. सगळं आप्पांच्या वडिलांनी, आबांनी, बांधून घेतलेलं. गोठ्याची बाहेरची भिंत वीतभर फुगली होती. याला आम्ही गवंडी भिंतीला पोट आलं म्हणतो.

आदल्या वर्षी तिथल्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरायचं काम मी मागितलं होतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. आप्पांना ते मिळालं होतं, आणि मिळाल्याचं गावाला दिसायला हवं होतं. काम साहेबांच्या माणसाला गेलं, त्यानं दरजांत सिमेंट भरलं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

"मिस्त्री, पाडावीच लागंल का?"

"पाडायची कशाला? सिमेंट लावलंय तुम्ही. आपसूक पडंल."

"टोमणे मागनं मारा. वाचतीय का ते सांगा. आबांनी बांधलेलं घर हाय."

मी छिन्नीनं थोडं सिमेंट उडवलं. आतून ओली माती बाहेर आली. अशी भिंत दोन अंगांची असते. दोन्हीकडे दगड, मध्ये माती आणि कपच्या. वरून पाणी मुरतं, ते चुन्याच्या दरजांतून निघून जातं. सिमेंटनं वाट बंद केली आणि माती आत फुगली.

"वाचंल. पण चुना मळायला घाणी लागंल, आन् घाणीला तुमची शर्यतीची जोडी."

"माझी बैलं चुना मळणार? लोक हसतील."

"गोठा पडल्यावर लिंबाखाली बांधा. मग न्हाई हसायचे."

आप्पांनी आठ दिवस बैलं दिली. मला पाचच हवे होते.

तुळयांना टेकू देऊन मी फुगलेला भाग उघडला. दोन्ही अंगं बांधून ठेवायला मध्ये मध्ये भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालतात. इथं तसा एकही नव्हता. भिंत माझ्या उस्तादांच्या हातची. सिमेंटबद्दल आप्पांना मी सगळं सांगितलं होतं. याबद्दल काही बोललो नाही. लांब दगड घालून भिंत पुन्हा चढवली, दरजा चुन्यानं भरल्या.

महिन्याभरानं टेकू काढले. मी भिंतीखाली उभा राहिलो. आप्पाही शेजारी येऊन उभे राहिले. खडासुद्धा पडला नाही.

संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत आप्पा पाहुण्यांना सांगत होते, "साहेबांनी वेळंवर धोका दाखवला, म्हणून घर वाचलं."

मी घास खाली ठेवला. मग उस्ताद आठवले आणि पुन्हा उचलला. मटण उत्तम झालं होतं.

भिंत आजही सरळ आहे. नव्या गवंड्यांना एवढंच सांगतो: आरपारचा दगड चुकवू नका. भिंत उघडायला कदाचित तुमचाच शागीर्द येईल, आणि तो माझ्याइतका गप्प बसेलच असं नाही.