कार्टून बघा, टॅक्स भरा!

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शेजारी पाठवलेल्या डब्यासारखं असतं ते. आपण एक सांगावा, तर दुसरा भरून परत येतो!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जर्मनीत येनाला आम्ही चार-पाच मराठी घरं होतो. मी लेन्सच्या कंपनीत, मित्र शिरीष सॉफ्टवेअरमध्ये. त्याची बायको मधुरा युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. विषय काय, तर दुसऱ्या महायुद्धात लोकांनी हौसेने टॅक्स भरावा म्हणून काढलेल्या कार्टून फिल्म्स!

पुण्यात मधुराच्या सासूबाईंना मैत्रिणींनी विचारलं, "सून काय करते हो तिकडे?"

"कार्टून बघते."

"अगंबाई! आणि त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो तर! त्यावर टॅक्ससुद्धा भरते."

*

मधुराचे प्रोफेसर कधी हसत नसत. तिने पहिल्यांदा त्यांना एक फिल्म दाखवली. टॅक्स ऑफिसकडे धावणारा ससा सारखा धडपडत होता. प्रोफेसर गंभीरपणे टिपणं काढत होते.

फिल्म संपली. त्यांनी ती मागे नेली, एका जागी थांबवली आणि म्हणाले,

"गेनाऊ, बरोबर. इथे हसायचं होतं."

*

मधुराची लेक इरा पाच वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तोच ससा टॅक्स भरून नाचत बाहेर येतो, हे बघून ती विचारात पडली.

"आई, याला काय झालंय?"

"काही नाही गं. टॅक्स भरला म्हणून आनंद झालाय."

इरा ठामपणे म्हणाली, "नाही. टॅक्सवाल्या फिनान्झआम्टचं पाकीट आलं की बाबा असं नाचत नाही!"

*

उन्हाळ्यात शिरीषचे वडील, अप्पा, आले. इन्कम टॅक्समधून रिटायर झालेले. एका रविवारी आम्ही सगळे बसलो होतो. पडद्यावर एका डुकराने शीळ घालत फॉर्म भरला आणि खिडकीतून आत सरकवला. एवढ्यात अप्पा ओरडले, "थांबव!"

शिरीष घाबरला. "काय होतंय अप्पा? छातीत दुखतंय?"

"मला काही होत नाहीये. अरे, त्याने सही केलीच नाही!"

*

शिरीष-मधुराच्या वरच्या मजल्यावर फ्राऊ क्राउझे राहायच्या. पासष्टीच्या, एकट्या. एका दुपारी प्लमचा केक घेऊन आल्या, तेव्हा एक अमेरिकन फिल्म लागणार होती. मधुरा संकोचली. "ही नको. दुसरी लावते."

"लावा, लावा. मलाही बघू द्या."

फिल्ममधली कोंबडी एप्रनमधून नाणी काढते. नाणी कारखान्यात जातात, त्यांची विमानं होतात. बँडच्या तालावर रांगेने समुद्र ओलांडतात आणि उतरत्या छपरांच्या एका गावावर अंडी टाकतात.

सवयीने आम्ही हसलो. मग फ्राऊ क्राउझेंकडे लक्ष गेलं. मधुराने घाईने बंद केलं.

फ्राऊ क्राउझे पडद्याकडेच बघत होत्या. "आल्झो... तर ही विमानं आमच्या गल्लीत आली होती. मी तळघरात होते, आईच्या मांडीवर."

शिरीषने अप्पांना हळूच मराठीत सांगितलं. अप्पांनी केकचा तुकडा कापला आणि बशी दोन्ही हातांनी फ्राऊ क्राउझेंपुढे धरली.

त्यांनी बशी घेतली, पण खाल्लं नाही.

"माझे वडीलसुद्धा," त्या म्हणाल्या, "टॅक्स अगदी वेळेवर भरायचे."